सगळ्या डिस्क सगळ्यांच्या

परब, तुझ्या घरी मला कुठे बसायचं तेच कळलं नाही.

गॅलरीत खुर्च्या मांडल्या होत्या, तिथे पुरुष होते. हॉस्पिटलमधून आलेले आपले लोक जिन्याजवळ घोळका करून उभे होते. थोड्या वेळाने ते घड्याळं बघायला लागले आणि एकेक करून निघून गेले. आत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुझ्या बायकोच्या, वैशालीच्या आजूबाजूला तुझ्या बहिणी, मावश्या, कणकवलीहून रात्रीच्या गाडीने आलेली माणसं. मी चपला काढल्या आणि उंबऱ्यावरच थांबले. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "तू कोण गो बाय?"

"ऑफिसमधली," मी म्हटलं.

त्यांनी सरकून जागा दिली. तेवढ्या जागेत मी अंग चोरून बसले. तिथे रडणाऱ्या प्रत्येकीला एक नातं होतं. बहीण, भावजय, चुलती. मला 'ऑफिसमधली' एवढंच होतं, आणि तेवढ्यावर किती रडायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी रडले नाही. तुझ्या फोटोकडे बघत बसले. फोटो बहुतेक कुणाच्या तरी लग्नातला होता. तू सफारी घातली होतीस. मी तुला इतकी वर्षं स्वेटरमध्येच बघितलं, त्यामुळे तो माणूस मला जरा परकाच वाटला.

मे महिन्यात स्वेटर बगलेत मारून लालबागहून परळला चालत येणारा माणूस एकच होता. गेटवरचा वॉचमन तुला "काय परबसाहेब, सिमल्याला का?" म्हणायचा. तळघरातली आपली सर्व्हर रूम सिमल्याहून थंड होती हे त्याला कुठून माहीत असणार! वर सगळं हॉस्पिटल: ओपीडीची गर्दी, फिनेलचा वास, स्ट्रेचरची चाकं. आणि खाली आपण दोघं, पंख्यांची घरघर आणि डिस्कनी भरलेली ती उंच कपाटं. हॉस्पिटलमधल्या प्रत्येक माणसाचा एक्स-रे, सीटी, एमआरआय शेवटी आपल्या कपाटात येऊन पडायचा. वर डॉक्टरने नाव टाकलं की तो किती वेळात पडद्यावर येतो हे मोजायचं, आणि तो वेळ कमी करत राहायचा, एवढंच आपलं काम. आई मला विचारायची, "म्हणजे तू नक्की करतेस काय?" मी सांगायचे, "डॉक्टरांना ताटकळत ठेवत नाही." गिरगावात आमच्या वाडीत ती हेच सगळ्यांना अभिमानाने सांगायची. आई गेल्यावर हा प्रश्न विचारणारं घरात कोणी उरलं नाही. मग दिवसभरात जे काही बोलायचं ते मी तळघरातच बोलत गेले.

बोलणं कसलं, भांडणच. तू लागलास त्या पहिल्या महिन्यातच एक विक्रेता नवं कपाट दाखवायला आला होता, आठवतं? आकडे इतके वेगवान की तू टाळी द्यायला हात पुढे केला होतास. मी म्हटलं, चाचणीची फाइल किती मोठी आहे? फाइल एवढीशी होती. ती कपाटाच्या मेमरीतच मावत होती, डिस्कपर्यंत जायची वेळच येत नव्हती. मी तिथल्या तिथे मोठी फाइल घ्यायला लावली आणि आकडे धपकन खाली आले. विक्रेत्याने पाणी मागितलं. तू हसू दाबायला कपाटामागे गेलास आणि बराच वेळ बाहेर आला नाहीस.

दुसऱ्या दिवशी येऊन म्हणालास, "काय गो आठल्ये, काल तू मला वाचवलंस. पण तुझी पण एक खोड आहे. तू सरासरी बघतेस."

"मग काय बघू?"

"सगळ्यात जास्त कोण थांबला ते बघ. बाकीच्यांचं ठीकच असतं."

तिथून जे सुरू झालं ते तुझ्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चाललं.

तू स्वतःबद्दल फारसं बोलायचा नाहीस. गिरण्यांच्या संपाचं मला तू एकदाच नीट सांगितलंस, तेही मी विचारलं नसताना. दुपारचा चहा घ्यायला आपण बाहेर आलो होतो. समोरच्या गिरणीची भिंत पाडत होते आणि धूळ चहात पडू नये म्हणून तू पेल्यावर हात धरला होतास. म्हणालास, "बाबा ह्याच गिरणीत होते. विणकाम खात्यात."

संप झाला तेव्हा तू दहावीत होतास. बाबा एकही सभा चुकवायचे नाहीत. महिने जात राहिले. शेजारचे काहीजण बिऱ्हाड आवरून गावाला गेले, काहीजण गुपचूप कामावर परत गेले. एक दिवस तू बाबांना म्हणालास की तुम्ही पण जा. बाबा म्हणाले, "सगळे गेले तर जाईन. एकटा नाय जाणार." तू म्हणालास, "सगळे म्हणजे कोण? घरात कोण खातंय ते बघा." बापलेकांचं बोलणं तेव्हा तुटलं. पुढे गिरणी उघडलीच नाही. बाबा भायखळ्याच्या बाजारात भाजीच्या पाट्या उचलायला लागले, आई डबे करायला लागली. तू शिकलास, कॉम्प्युटरचे क्लास केलेस, नोकरीला लागलास, बाबांशी बोलायलाही लागलास. पण त्या विषयावर नाही. "ते भांडण तसंच आहे बघ," तू म्हणालास. "बरोबर कोण होता ते ठरलंच नाही."

मग पेला ठेवलास आणि म्हणालास, "चल, डिस्क वाट बघतायत."

त्यानंतर थोड्याच दिवसांत तू ती मांडणी आणलीस. तोवर आपल्याकडे प्रत्येक विभागाच्या डिस्क वेगळ्या होत्या. हाडांच्या वेगळ्या, हृदयाच्या वेगळ्या, कॅज्युअल्टीच्या वेगळ्या. सकाळी ओपीडीच्या डिस्क घामाघूम व्हायच्या आणि शेजारी दुसऱ्या विभागाच्या नुसत्या फिरत बसायच्या. तू म्हणालास, हे कशाला? प्रत्येक इमेजचे तुकडे करू आणि सगळ्या डिस्कवर पसरू. मग कोणीही काहीही मागो, सगळ्या मिळून उचलतील. मी कागदावर हिशेब करून बघितला, तो बरोबर होता. मी हो म्हटलं. तू मार्कर घेतलास आणि पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंस, 'सगळ्या डिस्क सगळ्यांच्या'. मी म्हटलं, "हे तर तुझ्या बाबांचं बोलणं झालं." तू माझ्याकडे बघितलंस. बहुधा ते तुझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. फळा मात्र पुसला नाहीस.

आणि ती मांडणी चालली, परब. उत्तम चालली. रेडिओलॉजीच्या मोठ्या बाई, ज्या कोणाला कधी बरं म्हणत नसत, त्या स्वतः खाली येऊन आपल्याला पेढे देऊन गेल्या. हे मी आज मुद्दाम लिहितेय, कारण पुढे तू हे मानायलाच तयार नव्हतास.

मग ती सकाळ आली. वरून फोन यायला लागले, इमेज उघडत नाहीत, अर्धवट येऊन थांबतात. मी आकडे बघितले. सगळ्या डिस्कची मिळून सरासरी नेहमीसारखीच होती. कपाटावरचे सगळे दिवे हिरवे. पुन्हा फोन वाजला, तो तू घेतलास. ऐकलंस, "बघतो" म्हणालास आणि ठेवलास. मग तुझा मोबाइल वाजला. तोही ऐकलास. खुर्ची ओढलीस आणि म्हणालास, "सरासरी सोड. एकेक डिस्क बघू."

तू नाव वाचत होतास, मी आकडा सांगत होते. तुझा आवाज नेहमीपेक्षा सपाट होता, पण कामात तो तसा व्हायचाच. अर्ध्याहून जास्त डिस्क झाल्या आणि एक सापडली. ती मेली नव्हती. मेली असती तर दिवा लाल झाला असता आणि कपाटाने तिला वगळून काम चालू ठेवलं असतं. ती आजारी होती. तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत होती आणि दर वेळी उशिरा का होईना, देत होती. प्रत्येक इमेजचा एखादा तुकडा तिच्यावर होता. बाकीच्या डिस्क आपापला तुकडा देऊन मोकळ्या व्हायच्या आणि इमेज तिच्यासाठी थांबून राहायची.

आपण तिला बाजूला काढत होतो तेवढ्यात दारावर थापा पडल्या. वैशाली होती. केस सुटलेले, पायात एकच चप्पल. "अहो, वर या ना! बाबांना आत घेतलंय. डॉक्टर म्हणतायत सीटीचा फोटो दिसत नाही..."

मी तुझ्याकडे बघितलं. मोबाइलवरचा तो फोन कोणाचा होता ते मला तेव्हा कळलं. बाबांना अर्धांगाचा झटका आला होता, ते आपल्याच कॅज्युअल्टीत होते, त्यांचाच सीटी आपल्या कपाटात अडकला होता, आणि तू माझ्या शेजारी बसून डिस्कची नावं वाचत होतास.

"अरे, वर जा!" मी ओरडले.

"वर जाऊन काय करू?" तू म्हणालास. "जे करायचं ते इथेच आहे."

डिस्क निघाली. वर इमेज उघडायला लागल्या. मग तू उठलास आणि जिन्याने धावत गेलास. स्वेटर खुर्चीवरच राहिला.

डॉक्टर काही आपल्यासाठी थांबले नव्हते. सीटीच्या मशीनपाशी जाऊन त्यांनी तिथल्याच पडद्यावर इमेज बघितली होती आणि इंजेक्शन दिलं होतं. त्यात किती वेळ गेला, गेला नसता तर काय झालं असतं, हे कोणी सांगू शकलं नाही. बाबा वाचले. उजवी बाजू गेली. आणि वाचा गेली. आल्यागेल्याला "जेवलास?" विचारणारा माणूस गॅलरीतल्या खुर्चीत बसून नुसता बघत राहायचा.

तुझ्या डोक्यात तेव्हापासून एकच बसलं. तू म्हणायचास, मांडणी माझी. सगळ्यांचं सगळ्यांवर पसरलं म्हणून एका आजारी डिस्कने सगळ्यांना अडवलं. कॅज्युअल्टी वेगळी असती तर बाबांची इमेज अडली नसती.

मी म्हणायचे, "आणि ती आजारी डिस्क कॅज्युअल्टीच्याच चारपाच डिस्कमध्ये असती तर?"

"नसती."

"हे काय उत्तर झालं?"

"आठल्ये, ज्याला सगळ्यात जास्त घाई, त्याच्यासाठी वेगळी वाट पाहिजे. सगळ्यांबरोबर त्याला उभा करायचा नाही. बास."

मी आकडे काढायचे. तू खोडून काढायचास. मी नव्याने काढायचे. तुझी जुनी मांडणीच बरोबर आहे हे मी तुझ्याशीच भांडून सिद्ध करत होते. जेवताना भांडलो, परळच्या पुलाखालून चालत भांडलो, बाबा गेल्यावर दिवस उरकून तू कामावर आलास त्या दिवशीही भांडलो. मला वाटायचं आपण डिस्कबद्दल बोलतोय. तुझं बोलणं दुसऱ्याच कोणाशी चाललंय, आणि तो माणूस आता उत्तर देऊ शकत नाही, हे मला कळायचंही. पण त्या बाजूने कसं शिरायचं ते मला कधी जमलं नाही. 'परब, बाबांचं तुझ्यामुळे झालं नाही,' एवढं साधं वाक्य होतं. ते मी प्रत्येक वेळी आलेख काढून सांगायला गेले.

मग तूच आजारी पडलास. आधी पोट दुखतं म्हणालास, मग पिवळा पडलास. तुझा सीटी झाला तो दिवस मला माहीत होता. मी खाली बसून होते. तुझ्या इमेज बघायचा मला अधिकार नव्हता आणि मी बघितल्याही नाहीत. पण इमेज साठताना आणि उघडताना कपाटावर जी हालचाल होते ती बघणं माझं कामच होतं. ती मी बघितली. सगळं सुरळीत होतं. कुठे रांग नाही, एकही डिस्क मागे नाही. वर डॉक्टरने नाव टाकलं असेल आणि पापणी लवायच्या आत सगळं समोर आलं असेल. आयुष्यभर आपण ह्याच्याच मागे होतो ना? त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, थांबू दे. जरा अडू दे कुठेतरी.

वॉर्डात मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत यायचे. वैशाली मला खुर्ची देऊन बाहेर जायची. तू फार वाळला होतास, पण बोलायला लागलास की तोच. नवं कपाट यायचं ठरलं होतं, त्यात फिरणाऱ्या डिस्क नाहीत, नुसत्या चिपा, हे तुला मी सांगितलं.

"म्हणजे आत काही फिरणारच नाही? आवाज पण नाही?"

"पंख्यांचा तेवढा."

"मग तुला करमायचं कसं गो तिथे?" तू म्हणालास. मग जरा दम घेऊन, "मांडणी कशी करणार आहेस? कॅज्युअल्टी वेगळी ठेव. ऐक माझं."

"तू बरा होऊन ये. मग भांडू."

"मी खंय जातंय," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस. मी तुझ्या हातावर हात ठेवावा असं मला वाटलं. सलाइनची नळी होती, बाजूच्या खाटेवरचे लोक बघत होते. मी पांघरूण सारखं केलं आणि खाली आले.

कार्य उरकल्यावर एका रविवारी मी वैशालीकडे गेले. ह्या वेळी घरात ती एकटीच होती. तिने चहा केला, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तुम्हाला नावाने हाक मारतच नव्हते ते. जेवताना रोज, आज आठल्येने हे म्हटलं, आठल्येने ते म्हटलं. मला एकदा रागच आला होता. मी म्हटलं, तिच्याशी लग्न का नाही केलंत? तर म्हणाले, दिवसभर भांडून परत घरी पण तेच?"

आम्ही दोघी हसलो. मग ती रडली आणि मीही रडले. परब, तिच्यासमोर मला रडता आलं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "पण भांडण कसलं होतं हो? मला ते कधी कळलंच नाही."

मी तिला सगळं सांगितलं. आजारी डिस्क, इमेजचे तुकडे, तुझी मांडणी, बाबांची ती सकाळ. तिला सगळं समजलं असं नाही. पण मी म्हटलं, "वैशाली, त्याची मांडणी बरोबर होती. बाबांना जे झालं ते त्याच्यामुळे नाही." ते वाक्य शेवटी असं बाहेर पडलं, चुकीच्या माणसासमोर. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला वाटायचं ते झोपेत बाबांची माफी का मागतात."

मला हे ठाऊक नव्हतं. तू मला सांगितलं नव्हतंस.

नवं कपाट गेल्या आठवड्यात लागलं. खरंच आवाज नाही. काल मांडणी ठरवायला बैठक होती. आता आपल्या खात्यात सगळी नवी, हुशार मुलं-मुली आहेत, माझ्याशी फार आदराने वागतात. मी फळ्यावर दोन्ही गोष्टी काढल्या. सगळ्यांचं सगळ्यांवर पसरायचं, तुझ्या पहिल्या मांडणीसारखं. आणि कॅज्युअल्टीसाठी एक हिस्सा राखून ठेवायचा, कितीही गर्दी झाली तरी त्याला कोणी हात लावायचा नाही, तुझ्या दुसऱ्या हट्टासारखं. नव्या कपाटात हे दोन्ही एकदम करता येतं. जुन्यात येत नव्हतं. म्हणजे आपण दोघंही बरोबर होतो, किंवा दोघांचंही जरा चुकत होतं. तू असतास तर ह्यावरही महिनाभर भांडला असतास.

मी मार्कर खाली ठेवला आणि विचारलं, "कोणाला काही म्हणायचंय?"

कोणी काही बोललं नाही. मी पुन्हा विचारलं. राखीव हिस्सा जास्त होतोय का? नेहमीच्या दिवशी तो वाया जाईल असं कोणाला वाटतंय का? मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग त्यांच्यातली एकजण मायेने म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणताय तेच करू या की."

सगळ्यांनी माना हलवल्या. बैठक वेळेआधीच संपली.